पत्ता, int आणि सव्वापाचचं पाणी

१७ मार्च, सोमवार

पंचायतीत नवा कॉम्प्युटर आला. जुना पोत्यात गेला. प्रोग्राम मी स्वतः नव्यावर चढवला.

आजपासून नोंदी ठेवायच्या. कुणाला दाखवायच्या नाहीत. पण काम मोठं आहे आणि माणूस विसरतो.

टाकीखाली चार व्हॉल्व्ह. बाजारपट्टी, वरची गल्ली, तांडा, भीमनगर. भीमनगर शेवटी. आमचं घर तिथेच. पूर्वी जळबामामा पहाटे लांब लोखंडी चावीने एकेक व्हॉल्व्ह फिरवायचे. मी जानेवारीत चार मोटारी बसवल्या. आता प्रोग्राम पाच वाजता उठतो आणि पाळी लावतो. जळबामामांची चावी जमा करून घेतली, पंचायतीच्या कपाटात ठेवली. त्यांनी ती हसत दिली. पगार पंचायतीने चालू ठेवला आहे. मोठ्या मनाचा माणूस. काळाची पावलं ओळखतो.

प्रोग्राम चढवताना वॉर्निंग्ज आल्या. लांबच लांब. सगळ्यांचा अर्थ एकच: पत्ता लहान आकड्यात भरताय, काही भाग गळेल.

विषय साधा आहे. प्रत्येक व्हॉल्व्हची माहिती मेमरीत एका जागी असते. त्या जागेचा पत्ता टायमरकडे सोपवायचा आणि वेळ झाली की परत घ्यायचा. टायमर फक्त आकडा घेतो. पत्ता हाही शेवटी आकडाच. म्हणून मी तो int मध्ये, म्हणजे आकड्याच्या ठरलेल्या मापाच्या खणात, घालतो.

वॉर्निंग म्हणजे एरर नव्हे. बंद केल्या. स्क्रीन स्वच्छ.

१८ मार्च, मंगळवार

पाणी नाही.

कारण: व्होल्टेज.

१९ मार्च, बुधवार

पाणी नाही. व्होल्टेज ठीक होतं.

सकाळी भीमनगरात दारोदार घागरी. गोजरबाई समोरच राहतात. मी बाहेर पडताच म्हणाल्या, बापू, तुमच्या मशीनीला आंघोळ लागत न्हाई, आमाला लागते. बाया हसल्या. मी वाद घातला नाही. शेवटी जळबामामांना कपाटातून चावी काढून द्यावी लागली. फिरवताना तिची मूठ निघाली. मग कुठून तरी पाना आणून त्यांनी व्हॉल्व्ह उघडले. अपमानास्पद दृश्य. माझ्यासाठी नव्हे, विज्ञानासाठी.

दुपारी सरपंच प्रेमसिंगभाऊंनी बोलावलं. म्हणाले, धम्मानंद, तू शिकलेला पोरगा, तुला वाईट बोलवत न्हाई, पण अजून एक नागा झाला तर मोटारी भंगारात आणि तू घरात. एवढंच. चहा दिला नाही.

घरी करुणाला सांगितलं. पुण्याहून परत येण्याचा निर्णय मी याच कामासाठी घेतला होता. कंपनीनेही त्या निर्णयाचा आदर केला, एका दिवसात मोकळं केलं. इथे हेही गेलं तर उरतं काय, असं मी म्हणालो नाही. ती समजली असावी. संध्याकाळी शाळेच्या वह्या बाजूला ठेवून, वाटीभर ठेचा घेऊन जळबामामांच्या घरी गेली. त्यांच्या पत्नी पद्माबाईंना तिच्या हातचा ठेचा आवडतो.

संकल्प: उद्या कॉम्प्युटरचा पंखा साफ करणे.

२० मार्च, गुरुवार

पंखा साफ केला. पण त्याआधीच पाणी आलं. सव्वापाचला. चारही भागांत, पाळीप्रमाणे.

धूळच होती. साफ करायचं ठरवल्यावरच फरक पडला असं म्हणता येणार नाही, पण योगायोग लक्षणीय आहे.

करुणाला सांगितलं. म्हणाली, बरं झालं. आणि पोळी उलटली.

२४ मार्च, सोमवार

सलग पाणी. सव्वापाच म्हणजे सव्वापाच.

एक किरकोळ गोष्ट. प्रोग्राम स्वतःची नोंद लिहितो, लॉग. त्यात रोज दिसतं: पाचला सुरू, पाचलाच बंद. मध्ये काही नाही. पण पाणी तर येतं. दोन साक्षीदारांपैकी एक खोटा. पाणी खोटं असू शकत नाही.

लॉग काढून टाकला.

२७ मार्च, गुरुवार

आकांक्षाचा फोन. धाकटी बहीण. पुण्यात तिचं असंच काम, नोकरी अजून चालू आहे. मी सहज सांगितलं, पत्ता int मध्ये ठेवतो. ती म्हणाली, दादा, नव्या मशीनवर पत्ता आठ बाइटचा असतो. int चारचाच राहतो. वरचा अर्धा भाग कापला जातो. अर्धा पत्ता घेऊन प्रोग्राम भलत्याच जागी जाईल आणि मरेल. uintptr_t वापर.

मी म्हणालो, पहिली चाचणी मी छोट्या बोर्डावर घेतली. तिथे पत्ता दोन बाइटचा, int ही दोनचा. जुन्या कॉम्प्युटरवर पत्ता चारचा, int चारचा. दोन्हीकडे मावला. तिसरीकडे का मावणार नाही?

म्हणाली, तो योगायोग होता. int ने तुला कधी वचन दिलं नव्हतं. uintptr_t देतं. ज्या मशीनवर जाशील तिथला पत्ता जेवढा, तेवढं ते होतं.

मी म्हणालो, तुला मी सायकल शिकवली.

म्हणाली, व्हय, आणि ब्रेक नसलेली दिली होतीस.

फोन ठेवला. uintptr_t. नावही धड उच्चारता येत नाही.

२ एप्रिल, बुधवार

पहाटे फिरायला गेलो. संकल्प होता, रोज. टाकीखाली जळबामामा दिसले. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. मी विचारलं, इकडे कसे? म्हणाले, फिरून राहिलो जरा, इंजिनेर सायब, जुनी सवय. मी विचारलं, ओले कसे झालात? म्हणाले, दव पडलं.

एप्रिलमध्ये दव. पण मी पुढे विचारलं नाही. आयुष्यभर जिथे काम केलं ती जागा माणसाला सोडवत नाही. वाईट वाटलं. थांबून त्यांना सांगितलं, मामा, आता तुम्ही झोपत जा, सिस्टीम आहे. म्हणाले, व्हय, लई आराम झाला बगा तिच्यामुळं. आणि जांभई दिली.

वळणावर मागे पाहिलं. ते तिथेच उभे. मी जाण्याची वाट पाहत असल्यासारखे. माझ्याबद्दल आदर.

उद्यापासून फिरणं बंद. त्यांना अवघडल्यासारखं होतं.

९ एप्रिल, बुधवार

आकांक्षाचं मन राखायचं ठरवलं. int च्या जागी long केलं. नावातच लांबी आहे. कोड तिला पाठवला. तिच्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालला. मी लिहिलं, समाधान?

तिचं उत्तर: माझ्याकडे लिनक्स आहे. इथे long आठ बाइटचा. तुझ्याकडे विंडोज. तिथे long चारचाच. तू काहीच बदललेलं नाहीस.

एकाच भाषेत एकाच शब्दाचं माप घराघरांत वेगळं असेल, यावर शहाण्या माणसाने विश्वास ठेवावा का? उत्तर दिलं नाही. तिच्याकडे चाललं, माझ्याकडे चालतं. पाणी रोज येतंय.

आता ती वहिनीला फोन करते. मला नाही. दोघी बराच वेळ बोलतात. मी खोलीत गेलो की कांद्याचा विषय निघतो.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. भीमनगरात निळे झेंडे, पाहुणे, जेवणावळ. पहाटे तीनपासून लाईट नव्हती. साडेनऊला आली.

पाणी सव्वापाचला आलं.

यावर मी बराच विचार केला. कॉम्प्युटर बंद. मोटारी बंद. तरी पाळी चुकली नाही. निष्कर्ष एकच निघतो. महिनाभर रोज तेच काम केल्यावर सिस्टीम स्थिरावते. यंत्राला सवय लागते, असं शास्त्रीय भाषेत म्हणता येणार नाही, पण निरीक्षण आहे.

मिरवणुकीत जळबामामा भेटले. नवा सदरा. डोळे लाल. जय भीम केला. मी त्यांना लाईटचं सांगितलं. त्यांनी डोळे चोळले. मग म्हणाले, सायब, तुमी लई भारी माणूस.

२२ एप्रिल, मंगळवार

गच्चीवर करुणाच्या कुरडया. जुन्या साडीवर. साडी उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार लोखंडी वजनं. गोल, जाड, मध्ये भोक. चारही अगदी सारखी. आमच्याकडे वजन म्हणजे वीट, नाहीतर वरवंटा. करुणाला मात्र असं नीटनेटकं लागतं. कुठून आणली विचारलं. म्हणाली, पडून होती, कुणाच्या कामाची नव्हती.

मी एकाच्या शेजारी बसलो. दूर टाकी दिसत होती. समाधान वाटलं.

१ मे, गुरुवार

ग्रामसभा. प्रेमसिंगभाऊंनी माझं नाव घेतलं. एक दिवस नागा नाही म्हणाले. टाळ्या. सगळ्यांत मोठ्याने जळबामामांनी वाजवल्या.

मी उभा राहिलो. तयारी नव्हती, तरी बोललो. बुद्ध पौर्णिमा बारा तारखेला. विहारात अख्ख्या गावाला खीर. यंदा स्वयंपाकाची जबाबदारी करुणाकडे. मी जाहीर केलं, त्या दिवशी पाळी उलटी. भीमनगरला सगळ्यांत आधी पाणी, दुप्पट वेळ. प्रोग्राममध्ये एका ओळीचा बदल. आणि आदल्या दिवशी कुणी ड्रम भरून ठेवायचे नाहीत. साठवणूक म्हणजे अविश्वास.

गोजरबाई म्हणाल्या, बापू, माझा माठ भरलेला राहू देऊ का, का तोबी अविश्वास?

सभा हसली. मी माठाला परवानगी दिली.

घरी करुणा म्हणाली, तुम्ही ते ड्रमचं काहून बोललात? मी म्हणालो, एकदा तरी पूर्ण भरवसा टाकावा लागतो. ती म्हणाली, टाकलाय की. आणि मामांकडे जाऊन येते म्हणून गेली. पाळी उलटी हे त्यांनाही कळायला हवं म्हणाली. का, ते मला समजलं नाही. मामा तिथे फक्त फिरायला जातात.

११ मे, रविवार

आकांक्षा आली. जीपमधून उतरताच वहिनीच्या गळ्यात. मला म्हणाली, कोड दाखव. मी म्हणालो, उद्या सण आहे, परवा.

उलट्या पाळीची ओळ टाकली. चाचणी घेतली नाही. गरज नाही.

संध्याकाळी पद्माबाई रस्त्यात भेटल्या. जळबामामांच्या लेकीला अचानक कळा सुरू झाल्या, ते दुपारच्या गाडीनेच आखाडा बाळापूरला गेले. घाईत कुणाला सांगितलं नाही, फोनही घरीच राहिला.

जेवताना मी हे सहज सांगितलं. करुणाचा हात ताटावर थांबला. विचारलं, कधी येणार? मी म्हणालो, मला काय माहीत. तिने परत विचारलं, उद्या पहाटेपर्यंत? मी म्हणालो, बाळंतपण आहे, बस नव्हे. आकांक्षा वहिनीकडे बघत होती. वहिनी भाताकडे.

फार हळवी आहे. दुसऱ्याच्या लेकीसाठी जेवण गेलं नाही.

१२ मे, सोमवार. पौर्णिमा

सकाळी ५.१५. ऑफिसात. नजर स्क्रीनवर. फोनवर गोजरबाईंचा आवाज: नळ फुसफुस करून राहिला, थेंब न्हाई.

५.२५. प्रोग्राम पुन्हा सुरू केला. स्क्रीन शांत. शांत म्हणजे व्यवस्थित.

५.४०. नाही. विहारात पातेली मांडलेली. तांदूळ धुवायचे आहेत. दूध आलंय, चाळीस डिग्रीचा दिवस, दुपारपर्यंत थांबणारं नाही. भीमनगरात ड्रम रिकामे. माझ्या शब्दाखातर. लोकांनी इतकं ऐकायला नको होतं.

५.५०. प्रेमसिंगभाऊंचा फोन. फक्त माझं नाव घेतलं, पूर्ण, आडनावासकट. ठेवला.

५.५५. करुणाला फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. आकांक्षाने उचलला. धापा टाकत होती. म्हणाली, दादा, तू तिथेच बस. इकडे येऊ नकोस. कॉम्प्युटर सोडू नकोस. पहिल्यांदाच समजूतदारपणे बोलली.

६.०५. घाम. पंखा साफ केला. कॉम्प्युटरचा.

६.१०. प्रोग्राम बंद. सुरू. बंद. सुरू. करुणा पातेल्यासमोर उभी आहे, सगळं गाव तिच्याकडे बघतंय, असं डोळ्यांसमोर येत होतं. पुण्यात त्या शेवटच्या दिवशी मी घरी फोन केला होता तेव्हा ती म्हणाली होती, या, आपलं घर आहे. तेच आठवत राहिलं. पुन्हा सुरू केला.

६.२०. पाणी.

गोजरबाईंचा फोन: आलं रे बापू, धो धो आलं. मी खुर्चीवरून उठून ओरडलो. ऑफिसात कुणी नव्हतं.

रात्री, थोडक्यात. खीर उत्तम. अख्खं गाव जेवलं. विहारात मी चार शब्द बोललो: अडचण येते, पण सिस्टीम सावरते. आकांक्षाने टाळ्या वाजवल्या नाहीत.

करुणा सकाळी उशिरा विहारात पोहोचली. हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे, पांढऱ्या साडीच्या पदराला चिखल. दोन्ही तळहातांना फोड. मी विचारलं. म्हणाली, चुलीपाशी घसरले. चुलीपाशी ग्रीस कुठून, हे विचारायचं राहून गेलं. गर्दी होती. आकांक्षाच्या चपलाही चिखलाच्या. पद्माबाई दोघींसोबत होत्या, हातात मामांची लांब चावी. मी म्हणालो, ही तर कपाटात आहे. म्हणाल्या, तुमच्याकडची मोडकी व्हती, सायब. चांगली घरीच ठिवली आमच्या ह्यांनी. आठवण म्हणून असेल.

१३ मे, मंगळवार

सकाळी पाणी आलं. मामा अजून बाळापूरलाच. करुणा आणि आकांक्षा पहाटे फिरायला गेल्या होत्या. सण झाला की बायकांना व्यायाम सुचतो.

अकराला आकांक्षा ऑफिसात येऊन बसली. मी बंद केलेल्या वॉर्निंग्ज तिने आधी चालू केल्या. मग प्रोग्राम एकेक ओळ थांबवत चालवला. टायमरला देण्याआधीचा पत्ता दाखवला. लांबलचक. टायमरकडून परत आलेला दाखवला. मागचा अर्धा तोच, पुढचा अर्धा नाही. पुढची ओळ. प्रोग्राम मेला.

पुन्हा चालवला. पुन्हा मेला. तिथेच.

म्हणाली, दादा, हे या मशीनवर एकदाही चाललेलं नाही.

मी पुरावे सांगितले. पाणी. सव्वापाच. जयंती. ग्रामसभा. ती ऐकत राहिली. म्हणाली, पाण्याचं मला विचारू नकोस. मला एवढंच माहीत आहे.

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मग मी स्वतः टाइप केलं. uintptr_t. जिथे जिथे पत्ता आकडा होतो तिथे तिथे. फार जागा नव्हत्या. एक चहा होईपर्यंत झालं. एकही वॉर्निंग नाही, आणि यावेळी वॉर्निंग्ज चालू असताना. पत्ता गेला तसाच परत आला. पूर्ण.

चालवला.

टाकीकडून आवाज आला. घुंऽऽ. खिडकीतून स्पष्ट. चारही मोटारी पाळीने. मी आकांक्षाला विचारलं, हा कसला आवाज? ती म्हणाली, मोटारी, दादा. हा आवाज मी १७ मार्चनंतर ऐकला नव्हता. रोज पहाटे खिडकी उघडी असायची. तरी ऐकला नव्हता.

पळत गेलो. चेंबरचं झाकण उचललं. मोटारी फिरत होत्या. बरोबर वेळेला सुरू, बरोबर वेळेला बंद. व्हॉल्व्ह हलत नव्हते. मोटारीचा दांडा इकडे, व्हॉल्व्हचा तिकडे. मध्ये वीतभर मोकळी जागा. दोन्ही जोडणारं कपलिंग नाही. एकाचंही नाही. हाताने फिरवायचं तर ते आधी काढावंच लागतं.

गोल असतं ते. लोखंडी. जाड. मध्ये भोक.

चार.

संध्याकाळी गच्चीवर गेलो. साडीवर आता साबुदाण्याच्या पापड्या. करुणा उलथत होती. हातांना हळद लावलेली, त्यावर फडकं. मी एका कोपऱ्याशी उभा राहिलो. तिने वर पाहिलं. तिला कळलं की मला कळलं.

मी विचारलं, कधीपासून?

म्हणाली, ठेचा नेला तेव्हापासून.

मग म्हणाली, तुम्ही रोज सव्वापाचला हसत उठत होता.

मी वाकून एक कपलिंग उचलायला गेलो. म्हणाली, आता नको, वारं सुटलंय. पापड्या उडतील.

ठेवून दिलं.

१४ मे, बुधवार

जळबामामा रात्री परतले. नात झाली.

प्रोग्राम बरोबर आहे. कपलिंग्ज अजून गच्चीवरच आहेत.

सव्वापाचला पाणी आलं.